हजेरीपटावरचा चोविसावा

तापीकाठ केळी उत्पादक संघाच्या जळगाव कार्यालयात हजेरीपटावर तेवीस नावं होती आणि त्यांपैकी कोणत्याही वेळी सतरा सापडत. उरलेले सहा कुठे असतील हे व्यवस्थापक चुडामण भिरूड यांना ठाऊक असे, आणि ते नोंदलेलंही असे. भिरूडसाहेबांच्या खिशाला तीन पेनं असत. हजर माणसाला निळा ठिपका, गैरहजर माणसाला लाल फुली, सुट्टीला हिरवा 'सु'. एकदा एका कारकुनाचे वडील वारले. साहेब स्वतः खांदा देऊन आले, घरी जाऊन अंघोळ केली, कार्यालयात आले आणि कारकुनाच्या रकान्यात लाल फुली मारली. अर्ज आलेला नव्हता. अर्ज आल्यावर त्यांनी ती फुली तितक्याच मायेने खोडली.

अशा माणसाने एका यंत्राचं नाव हजेरीपटावर का घातलं, हे जळगावात बरेच दिवस विचारलं जायचं. साहेब सांगत, इतिवृत्तात आलं म्हणून.

संघाचं काम एका यादीवर चाले. उद्या कोणाच्या बागेतली केळी कापायची आणि कोणती ट्रक कोणाच्या बांधावर जायची, ही ती कापणीची यादी. घड तयार झाला की तो दिल्लीच्या बाजाराच्या सोयीने थांबत नाही. यादी चुकली की एका बागेवर दोन ट्रका उभ्या आणि दुसऱ्या बागेवर मालक उभा, आणि मग तो मालक दुपारपर्यंत कार्यालयात येऊन उभा. संघाने चार संगणक घेतले होते, पण ते चौघे एकमेकांशी बोलत नसत. शेतकऱ्यांच्या खिडकीवरच्या नोंदी फ्लॉपीवर घ्यायच्या, ती सुपडू शिपायाने ट्रकवाल्या टेबलाशी न्यायची, तिथली साहेबांकडे आणायची. सुपडू धुळ्याकडचा, मोठा विश्वासू गडी. पण वाटेत चहाचं टेबल लागे. दोनदा यादीवर चहा सांडला होता आणि एकदा फैजपूरच्या एका शेतकऱ्याचं नावच यादीतून विरघळलं होतं.

हे चौघे एका तारेने जोडावेत, हे सगळ्यांना पटलेलं होतं. कोणी जोडावेत, यावर मात्र दोन मतं होती. संचालक बन्सीलाल यांचं मत होतं की मुंबईच्या एका कंपनीने. कंपनीचा प्रतिनिधी तीनदा येऊन गेला होता आणि त्याचा टाय पाहून संचालक मंडळ निम्मं पटलं होतं. दुसरं मत सुनंदाबाई वारकेंचं होतं, आणि त्या मंडळावर नव्हत्या.

सुनंदाबाई अठरा वर्षं संघाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. दिल्लीचे आडते, कानपूरचे आडते, सावद्याचं गोदाम, सगळ्यांचे आवाज त्या दोऱ्या खुपसून एकमेकांना जोडत. कोण खरं बोलतंय हे त्यांना श्वासावरून कळे, पण त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही. सत्त्याण्णव साली थेट फोन आले आणि बोर्ड निघाला. बाईंना काम उरलं नाही म्हणून त्यांना संगणकाच्या खोलीत बसवलं, धूळ पुसायला. त्यांनी धूळ पुसली, आणि पुसून झाल्यावर यंत्राबरोबर आलेली पुस्तकं वाचली. त्या खोलीत हे पूर्वी कोणी केलं नव्हतं.

धुळ्याला त्यांच्या भावाच्या शेजारी अभिमन बडगुजर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहत. त्यांनी बाईंना एक सीडी दिली. तिच्यात लिनक्स नावाची प्रणाली होती. ती जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली होती, कोणाच्या मालकीची नव्हती, आतलं सगळं उघडं होतं, वाचा, बदला, वाटा. सरांनी अट एकच घातली. कोणी मागितली तर नाही म्हणायचं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात मंडळाची सभा भरली तेव्हा सुनंदाबाईंनी उभं राहून सांगितलं की अडगळीतल्या जुन्या संगणकावर ही प्रणाली घालून त्या चारही टेबलं जोडू शकतील. बन्सीलाल म्हणाले की जगात कोणी चांगली वस्तू फुकट वाटत नाही, वाटली म्हणजे तिला किडा लागलेला असतो. अध्यक्ष जीवराम नाना फैजपूरकडचे, चाळीस वर्षं केळीत घालवलेले. ते टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"हे फुकट देनारे कोन हायेत?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं की त्या स्वतः कोणालाच ओळखत नाहीत.

"बरं. मी आपल्या बागेतले कंद आजपोत कितीक जनांले देले. वरनगावच्या त्या मानसाचं मले नाव बी मालूम नई. त्याची बाग उभी हाये ना." नानांनी टोपी डोक्यावर घातली. "चुडामण, तू सांग."

चुडामणरावांना दोन्ही मतं आवडत नव्हती. त्यांना फक्त सभा जेवणाआधी संपायला हवी होती. त्यांनी अट सुचवली, आणि आपण किती चतुर आहोत असं त्यांना त्या वेळी वाटलं. यंत्र या दसऱ्याला सुरू करायचं. पुढच्या दसऱ्यापर्यंत एकदाही बंद पडलं नाही, तर ते राहील. पडलं, तर कंपनीचं येईल आणि बाई सावद्याच्या गोदामावर जातील.

बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि सावद्याची एसटी सकाळी सहाला सुटे. हे सगळ्यांना माहीत होतं. बाई फक्त "बरं" म्हणाल्या. बोर्डावर असतानाही त्या एवढंच म्हणत, आणि ट्रंक कॉल लागे.

वातावरण जरा जड झालं म्हणून चुडामणरावांनी विनोद केला. मग याचं नाव हजेरीपटावरच घालतो, म्हणाले. सगळे हसले. लिहिणारा कारकून नवा होता. त्याने हसण्याआधी ते इतिवृत्तात लिहून टाकलं, आणि इतिवृत्तात आलेली गोष्ट भिरूडसाहेब मोडत नसत. एक ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, हजेरीपटाच्या तळाशी चोविसावी ओळ आली. नाव, लिनक्स. हुद्दा, सर्व्हर. वडिलांचं नाव या रकान्यापाशी साहेब थांबले, बाईंकडे पाहिलं, आणि "अनेक" असं लिहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला साहेब नावं पुकारत आणि शेवटी म्हणत, "लिनक्स?"

सुपडू संगणकाच्या खोलीत डोकावून यायचा. "चालू शे."

निळा ठिपका.

पहिला महिना साहेबांनी लाल पेन उघडं ठेवलं. ते लागलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत मात्र एका सकाळी चारही टेबलं एकदम मुकी झाली. बन्सीलाल नेमके कार्यालयात होते. ते म्हणाले, झालं, महिन्याभरात आटोपलं. साहेब लाल पेन घेऊन खोलीत गेले. सुनंदाबाई यंत्राकडे बघतही नव्हत्या. भिंतीवरून जाणाऱ्या काळ्या तारेवर त्यांनी बोट ठेवलं होतं आणि त्या तारेबरोबर चालत निघाल्या होत्या, खिडकीपासून ट्रकच्या टेबलापर्यंत, तिथून कपाटामागून पुढे. पूर्वी त्या बोर्डाची लाईन अशीच शोधत. तारेच्या शेवटच्या टोकाशी त्या थांबल्या आणि सुपडूला विचारलं की इथलं टोपण कुठे आहे.

सुपडूने ते काढून चिंचेने घासून लख्ख केलं होतं आणि हरवू नये म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. तारेच्या टोकाला ते टोपण नसलं की सगळीच तार मुकी होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी ते पुसून बसवलं. चारही टेबलं बोलू लागली. बाई सुपडूला एवढंच म्हणाल्या की घासलंस छान, पण पुढच्या वेळी जागेवरच घास. यंत्र स्वतः एक क्षणही बंद नव्हतं. साहेबांनी ते पडद्यावर खात्री करून पाहिलं आणि लाल पेनाला टोपण लावलं.

जानेवारीत नवी दिनदर्शिका लागली तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की आपण अट तिथीने घातली आहे, आणि या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. दसरा ते दसरा म्हणजे तीनशे त्र्याऐंशी दिवस होत होते. त्यांना ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की मंडळापुढे दुरुस्ती मांडतो, तीनशे पासष्टच धरू. बाई म्हणाल्या की त्यांना ते त्याच दिवशी कळलं होतं, पंचांग घरी आहे. अधिक महिन्यात केलेलं वाढीव लागतं म्हणतात, राहू द्या.

फेब्रुवारीत वेगळंच दुखणं निघालं. यादी मोठी झाली की यंत्राचं जाळ्याशी जोडणारं कार्ड मध्येच गप्प बसे. बाईंनी पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेतला, रविवारी एसटीने धुळ्याला गेल्या आणि अभिमन सरांच्या फोनवरच्या इंटरनेटने तो जगात सोडला. मंगळवारी सरांचा फोन आला. ब्राझील देशातल्या एका माणसाचं उत्तर आलं होतं. कार्डाचा तो भाग त्याने स्वतः लिहिलेला होता. चूक माझी, असं त्याने कळवलं होतं, क्षमा मागितली होती आणि चौदा ओळी दुरुस्त करून पाठवल्या होत्या. सरांनी त्या फ्लॉपीवर घातल्या, फ्लॉपी धुळे-जळगाव गाडीच्या कंडक्टरकडे दिली, आणि सुपडू ती स्टॅंडवरून घेऊन आला. या वेळी तो चहाला थांबला नाही. बाईंनी यंत्र बंद न करता तेवढाच भाग काढला आणि नवा बसवला. चालत्या गाडीचं चाक बदलावं तसं ते साहेबांना दिसलं.

पण त्यांची झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने.

"एकही स्मरणपत्र न पाठवता उत्तर आलं?"

"हो साहेब."

"आणि चूक त्याची होती, हे त्याने स्वतः लिहिलंय? कोणी चौकशी लावली नव्हती?"

बाईंनी कागद दाखवला. साहेबांनी तो शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत आवकेत असा कागद आला नव्हता. संघाच्या पत्रांना तिसऱ्या स्मरणपत्राच्या आत कोणी उत्तर दिलं नव्हतं, आणि जे आलं त्यात चूक नेहमी टपालखात्याची असे. त्यांनी नवी फाईल उघडली, तिच्यावर स्वतःच्या हाताने "चूक कबूल, परदेश" असं लिहिलं आणि तो एकुलता कागद तिच्यात लावला. मग संघाच्या छापील कागदावर ब्राझीलला आभाराचं पत्र गेलं, जावक क्रमांकासह. त्या माणसाला त्यातलं काय कळलं असेल ते असो, त्याने त्याचंही उत्तर दिलं. फाईल जाड होऊ लागली.

अमळनेरच्या एका तेलगिरणीतला माणूस सीडी मागायला आला तेव्हा बाईंनी प्रत काढून दिली, वर चहा पाजला. यावलची एक सोसायटी आली, तिलाही दिली. पूर्वी साहेबांनी संघाची टाचणी बाहेर जाऊ दिली नसती. आता ते प्रत नेणाऱ्याची नोंदवहीत सही घेत, आणि माणूस जिना उतरू लागला की मागून सांगत, कोणी मागितली तर नाही म्हणू नका.

जूनमध्ये वादळ आलं. दुपारी दोनला आभाळ काळं झालं, तीनला तापीकाठच्या बागा आडव्या झाल्या आणि वीज गेली ती गेलीच. यंत्र इन्व्हर्टरवर होतं आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार तासांची. नेमकी त्याच दिवशी यादी कधी नव्हे इतकी हवी होती. पडलेल्या बागेतला माल आधी उचलायचा होता, आणि कोणाची पडली, कोणाची उभी आहे, ते फोनवरून कळत होतं. सुनंदाबाईंनी अंगणात अडकलेल्या ट्रकवाल्यांना बॅटऱ्या मागितल्या. एकाने विचारलं, कोणासाठी. सुपडू म्हणाला, आमच्या एका माणसासाठी. बाईंनी नियम सांगितला होता, आधी दुसरी जोड, मग पहिली काढ, हात रिकामा ठेवू नको. रात्री उशिरा वीज येईपर्यंत तीन ट्रकांच्या बॅटऱ्या आळीपाळीने लागल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत पडलेली एकही बाग सुटली नाही. जीवराम नानांची स्वतःची बाग यादीत एकोणिसावी होती. एकाने ती वर घेऊ का विचारलं तेव्हा नाना म्हणाले, यादीनंच जाऊ दे.

दुसऱ्या सकाळी चुडामणरावांनी ठिपका मारला तो नेहमीपेक्षा जरा मोठा.

असं करत ऑक्टोबर आला. दसरा मंगळवारी होता, त्याच दिवशी सभा, आणि बन्सीलालांनी कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावून ठेवलं होतं. शनिवारी सुपडू पूजेच्या सामानाची यादी घेऊन साहेबांकडे आला. झेंडू, आंब्याची पानं, हळद, कुंकू. साहेबांनी सही केली, आणि पेन हातातच राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी संघात एकही हत्यार चालत नसे. कापणीचे कोयते, वजनकाटे, टाईपरायटर, टाचण्यांचं यंत्र, साहेबांच्या टेबलावरची घंटासुद्धा, सगळं पुसून मांडायचं, पूजायचं, आणि दिवसभर शिवायचं नाही. शहाऐंशी साली कोणीतरी त्या दिवशी ट्रक काढली होती आणि तिचा आस तुटला होता. नाना तो आस अजून विसरले नव्हते. यंत्र गेल्या दसऱ्याला सुरू झालं असल्यामुळे त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच खंडेनवमी होती. आणि अट घालणाऱ्याने, ऐकणाऱ्यांनी, लिहिणाऱ्याने, तेरा महिने कोणीच हा दिवस मोजला नव्हता.

बन्सीलालांनी मोजला होता. ते सोमवारी सकाळी पूजेला सगळ्यांच्या आधी आले आणि प्रसन्न चेहऱ्याने खुर्चीत बसले.

चुडामणराव संगणकाच्या खोलीत गेले. त्यांनी रात्रभर विचार करून एक तोड काढली होती. ते म्हणाले, नानांना मी विचारतो, याला एकट्याला वगळू, चालू ठेवूनच हळदकुंकू लावू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आपण नियमाला फाटा देण्याची वकिली करतो आहोत हे त्यांच्या बोलता बोलता लक्षात आलं, पण ते थांबले नाहीत.

सुनंदाबाई पडद्यासमोर बसल्या होत्या. पडद्यावर दिवसांचा आकडा होता, तीनशे ब्याऐंशी.

"साहेब, अठरा वर्षं मी बोर्डाला आजच्या दिवशी हळदकुंकू लावलं. दिल्लीवाले ओरडत राहायचे, पण एक दोरी उचलली नाही. या बिचाऱ्याने तेवढंच काम केलंय, दुप्पटच केलंय. मग त्यालाच मान नाही असं कसं?"

"बाई, उद्या सभा आहे."

"उद्याचं उद्या," बाई म्हणाल्या, आणि बंद करण्याची आज्ञा टाईप केली. पडद्यावर ओळी एकेक करून वर सरकल्या, पंखा मंदावत गेला आणि खोलीत एकदम इतकं शांत झालं की सुपडू दारातच थांबला. तेरा महिने तो आवाज चालू होता हे तो बंद झाल्यावर सगळ्यांना कळलं. बाईंनी स्वस्तिक काढलं. सुपडूने झेंडूची माळ घातली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

चुडामणराव आपल्या टेबलाशी गेले. हजेरीपट टेबलावर होता. तोही साहेबांचं हत्यारच असल्यामुळे त्याची पूजा झाली होती, आणि पेनांना आज सुट्टी होती. चोविसाव्या ओळीतला सोमवारचा रकाना कोरा राहिला. ते त्या कोऱ्या रकान्याकडे बराच वेळ बघत बसले. मग बाकीच्या तेवीस रकान्यांकडे बघितलं. तेही कोरेच होते. उद्या ते सगळे एकदम भरायचे होते, आणि कशाने भरायचे हे सव्वीस वर्षं ठरलेलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर बाईंनी यंत्र सुरू केलं. अकराला सभा. बन्सीलालांनी सरळ प्रस्ताव मांडला की यंत्रालाच विचारावं. सगळे उठून खोलीत गेले. बाईंनी आज्ञा दिली आणि यंत्राने खरं ते सांगितलं, सुरू होऊन दोन तास सात मिनिटं. बन्सीलालांनी प्रतिनिधीकडे बघून मान हलवली. सुनंदाबाईंची पर्स टेबलावर बंद करून ठेवलेली होती, निघायच्या तयारीत.

"थांबा," चुडामणराव म्हणाले. "नोकराचा जबाब झाला. आता कार्यालयाचं दप्तर बघू."

त्यांनी तेरा महिन्यांचा हजेरीपट नानांपुढे उघडला. कालच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चोवीस हिरवे 'सु' होते. सकाळीच भरलेले.

"काल संघाला सुट्टी होती. सुट्टीने सेवेत खंड पडत नाही. पडत असेल तर माझ्यासकट या कार्यालयात कोणीच नोकर उरत नाही. ज्या दिवशी कामावर यायचं, त्या एकाही दिवशी हा गैरहजर नाही." त्यांनी चष्मा पुसला. "उलट अडचण वेगळीच आहे. दसरा ते दसरा पंचावन्न रविवार आणि अकरा सणवार हा कामावर होता. नियमाप्रमाणे याची सहासष्ट दिवसांची बदली रजा शिल्लक आहे. ती याने अजून मागितलेली नाही. असा नोकर मी दुसरा पाहिला नाही."

नानांनी हजेरीपटावरून बोट फिरवलं, वरून खाली. बन्सीलालांच्या मेहुण्याचं नाव नवव्या ओळीत होतं आणि ती ओळ बरीच लाल होती. नाना तिथे किंचित थांबले आणि खाली उतरले. मग त्यांनी प्रतिनिधीला विचारलं की तुमचं यंत्र किती दिवस सलग चालतं. तो मुलगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, आठवड्यातून एकदा बंद करून पुन्हा सुरू केलेलं बरं असतं.

"म्हंजे रोजंदारीवरचं," नाना म्हणाले. "आपला हा राहू दे. बाई बी इथीच राहतीन."

सभा जेवणाआधी संपली. बन्सीलाल सगळ्यांना आपट्याची पानं देऊन गेले, सुनंदाबाईंनासुद्धा. पर्स उघडून बाईंनी ती आत ठेवली.

संध्याकाळी चुडामणरावांनी एक आदेश काढला. श्री. लिनक्स, सर्व्हर, यांचा उमेदवारीचा काळ समाधानकारक आढळल्यामुळे त्यांना संघाच्या सेवेत कायम करण्यात येत आहे. मूळ प्रत यंत्राला, एक सुनंदाबाईंना, एक ब्राझीलला. सुपडूने मूळ प्रत यंत्राच्या माथ्यावर ठेवली, झेंडूच्या माळेखाली, आणि जाता जाता विचारलं, साहेब, हा रिटायर कधी होणार?

साहेबांनी थोडा हिशेब केला.

"आपण गेल्यावर," ते म्हणाले, आणि लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकलं.